वन्संची आडवी गाडी

गाडी आडवी केली त्या दिवशी अंगणात मी होते, माझा मुलगा सुरेश होता, सून वीणा होती, समोरच्या घरातल्या गौरम्मा होत्या, आणि ज्यांनी आपल्या हातानं ती एवढी थोरली मोटारसायकल जमिनीवर निजवली त्या माझ्या नणंदबाई होत्या. नणंद माझ्याहून लहान. मी लग्न होऊन म्हैसूरला आले तेव्हा परकर नेसून शाळेत जात होत्या. पण आमच्याकडं पद्धत अशी, की नणंद लहान असली तरी तिला वन्सं म्हणायचं आणि अहोजाहो करायचं. त्या मला अगंतुगं करतात. तर आमच्या वन्संसारखी हट्टी बाई अख्ख्या म्हैसुरात नाही, हे मी कुणालाही पैजेवर सांगते. चामुंडीच्या डोंगरावरच्या दगडी नंदीला कुणी म्हणालं, बाबा जरा बाजूला सर, तर तो एक वेळ सरेल. वन्सं सरायच्या नाहीत.

हट्ट कसला, तर कुणाची मदत म्हणून घ्यायची नाही. गॅसचा सिलिंडर आला की तो आणणाऱ्या माणसाला फाटकातच थांबवायचं आणि आपण तो पोटाशी धरून आत आणायचा. तो माणूस बिचारा रिकामे हात घेऊन मागनं येणार, जसा काही पाहुणा. एकदा उजवा हात मोडला, प्लास्टर घातलं. मी म्हटलं, वेणी मी घालते. नको म्हणाल्या. केसांच्या बटा खिडकीच्या गजाला बांधून, आपणच इकडनं तिकडं डोकं फिरवून वेणी घातली. वाकडी आली, पण आली. बेळगोळच्या कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी केली सगळा जन्म. रिटायर झाल्या त्या दिवशी साहेबानं घरी सोडायला मोटार दिली, हार घातला. वन्संनी हार मोपेडच्या आरशाला अडकवला आणि रोजच्यासारख्या मोपेडवरनं निघाल्या. लष्कर मोहल्ल्यात आमच्या गल्लीत पुढं मोपेड आणि मागं रिकामी मोटार, अशी वरात आली. ड्रायव्हरला मी कॉफी दिली. तो म्हणाला, अम्मा, माझ्या नोकरीत अशी सवारी पहिलीच.

आता घरी बसून करायचं काय, तर म्हणाल्या, मी कच्छला जाते. तिकडं मीठच मीठ पसरलंय, नजर जाईल तिथवर पांढरं, मधे काही आडवं येत नाही, ते बघायचंय. रेल्वेनं जा म्हटलं. रेल्वेत सामान वर ठेवायला कुणीतरी हात लावतं, म्हणून रेल्वे नको. गाडीवरनं जायचं. त्यासाठी हुणसूरच्या एका तंबाखूवाल्याच्या मुलाकडनं जुनी गाडी घेतली. डोंगर, नदी, दगडधोंडे, कुठंही चालणारी म्हणे. त्या मुलानं ती हिमालयात न्यायला घेतली होती आणि इथल्याच धरणापर्यंत नेऊन परत आणून उभी केली होती. गाडी कसली, म्हैस. उंच, रुंद, पुढं चोच. वन्सं माझ्या खांद्याला लागतात, आणि मी काही उंच नव्हे.

मग ती तयार करणं सुरू झालं. एअर फिल्टर काढला तर आत सगळी तंबाखूची धूळ. घरभर शिंका. नोडी नोडी, बघा बघा, करत गौरम्मा बघायला आल्या, त्या पण शिंकत परत गेल्या. चेन रॉकेलनं धुतली ती माझ्या भांडी घासायच्या ब्रशनं. ब्रेक नवे घातले, टायर नवे घातले, पंक्चर आपणच काढायला शिकल्या, सामानाला दोन्हीकडं पत्र्याच्या पेट्या लावल्या. सगळं झालं आणि वर बसल्या, तर पाय जमिनीला पोचेनात. मग सीट काढून गादीवाल्याकडं नेली, आतला फोम कापून आणला. अंगठे टेकले. परत नेली, परत कापली. शेवटी सीट पोळीएवढी राहिली, तेव्हा गादीवाला म्हणाला, अम्मा, आता आणखी कापलं तर नुसतं लोखंड राहील, आणि त्याला कात्री लागत नाही. वन्सं म्हणाल्या, पुरे, चवडे टेकतात. मी एकदा त्या सीटवर हात ठेवून बघितला. कच्छपर्यंत त्याच्यावर बसायचं म्हणजे तपश्चर्या आहे.

पण खरा नेम वन्संनी नंतर काढला. म्हणाल्या, एकट्यानं जाणाऱ्याची गाडी वाटेत कुठंतरी पडतेच. जिला आपली पडलेली गाडी उचलता येत नाही, तिनं जाऊ नये. म्हणून आधी इथं अंगणात उचलून बघते. उचलली तर जाते, नाही तर नाही. टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं, बॅटरी काढली, पेट्या काढल्या, जुनी गादी अंथरली, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत गाडी अशी जपून निजवली, जसं पोर पाळण्यात ठेवतात. मग कंबर वाकवून हँडल धरलं आणि ओढलं. गाडी हलली नाही. सुरेश पुढं झाला तर त्याच्या हातावर चापट मारली. "तू येणार आहेस का कच्छला?" म्हणाल्या. तो गप मागं झाला.

तेव्हापासून गाडी तशीच. रोज सकाळी कॉफी पिऊन वन्सं अंगणात यायच्या. कधी पुढनं, कधी पाठ लावून, कधी गुडघ्यात बसून. फोनवर बघून बघून सगळे प्रकार केले. गाडी हातभर उठायची आणि परत निजायची. कुणी हात लावायचा नाही असा हुकूम. आमचं अंगण तर दोन पलंग मावतील एवढं. दूधवाला गाडी ओलांडून यायचा. मी रांगोळी तिच्या बाजूबाजूनं काढायची. मांजरानं मागच्या चाकाजवळ जागा धरली. सुरेश म्हणायचा, आत्या, घरपट्टीत हिचं नाव लावूया. वन्संना हसू यायचं, पण ओठ दाबून धरायच्या. असं करता करता आयुधपूजा आली. म्हैसुरात त्या दिवशी सायकलीला पण हार पडतो, तर एवढ्या गाडीला कसं सोडायचं. निजलेल्या गाडीलाच हळदकुंकू लावलं, फुलं घातली. चाकाखाली लिंबू ठेवायचं तर चाकं हवेत. वीणानं दोऱ्यानं लिंबू बांधलं. कोहळा फोडायच्या वेळी सुरेश मोठ्यानं ओरडायला लागला तशा गौरम्मा तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या, "श्... गाडी मलगिदे, एब्बिसबेडी." गाडी झोपलीय, उठवू नका. सगळी गल्ली हसली. वन्सं पण हसल्या. पण मी त्यांना परकरात असल्यापासून बघतेय. त्या हसण्यात जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी दसरा. हत्तींची मिरवणूक बघायला गल्ली सगळी रिकामी झाली. सुरेश-वीणा पण गेले. मी पायरीवर तांदूळ निवडत बसले. वन्संनी एकदा ओढलं, दोनदा ओढलं, आणि मग गाडीशेजारी खाली जमिनीवर बसल्या. वन्संना अशा बसलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. लांबनं बँडचा आवाज येत होता.

"वहिनी, विकून टाकते," म्हणाल्या. "माझ्यानं नाही उचलत."

मी म्हटलं, "वाटेत कुणीतरी हात लावेल की."

"कुणाला सांगू? आणि का म्हणून सांगू?"

इथं मला मागचं थोडं सांगायला पाहिजे. माझा नवरा गेला तेव्हा पोरं लहान होती, आणि मला शिक्षण नाही, काम नाही. हुणसूरहून माझा भाऊ न्यायला आला. त्याच्या घरी आधीच खाणारी तोंडं पुष्कळ, मला माहीत होतं तिथं कसं होणार. पण जायचं म्हणजे जायचं. टांगा दारात, ट्रंक टांग्यात, पोरं रडत होती. वन्संना नोकरी नुकतीच लागली होती. आतनं आल्या, टांग्यातली ट्रंक ओढून डोक्यावर घेतली आणि घरात नेऊन ठेवली. भाऊ बघत राहिला. टांगा रिकामा गेला. त्यानंतर त्यांच्या पगारावर आम्ही सगळे जेवलो. त्यांना पुढं स्थळं आली, त्यांनी ती मला न विचारताच परत पाठवली. त्याच्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. बोलायचं काय त्यात.

त्या दिवशी मात्र मी बोलले. म्हटलं, "वन्सं, मी इतकी वर्षं तुमचं घेतलं. भात घेतला, लुगडं घेतलं, पोरांच्या फिया घेतल्या. मला ते सोपं गेलं असं वाटलं काय तुम्हाला? रोज सकाळी उठून घेतलं. मला जमलं, तर तुम्हाला एक दिवस का जमू नये?"

वन्संनी गाडीवरचं कालचं कोमेजलेलं फूल काढून बाजूला टाकलं. मग म्हणाल्या, "तू असं कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं नाही," मी म्हटलं.

त्या उठल्या. धूळ झटकली. हँडल धरलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मागनं धर."

मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि मागची दांडी धरली. माझे गुडघे कुरकुरले, त्यांच्या पाठीतनं काहीतरी वाजलं, आणि गाडी उभी राहिली. मांजर पळालं. आम्ही दोघी दोन बाजूंनी गाडीला धरून उभ्या, सोडायचं कसं ते सुचेना. वन्सं म्हणाल्या, तू पण चल मग. मी म्हटलं, मला त्या सीटवर चढवायलाच चार माणसं लागतील, आणि तेवढी मदत तुम्हाला एकदम झेपायची नाही. शिवाय दोघी गेलो तर वाट कोण बघणार.

पुढचे दिवस मदत मागायची शिकवणी झाली. सुरेश मास्तर. तो म्हणाला, आत्या, 'मागनं धर' हे मागणं नव्हे, ही पोलिसाची भाषा झाली. 'दादा, जरा हात लावता का' असं म्हणायचं. वन्सं स्वयंपाक करताना पुटपुटायच्या, दादा जरा हात लावता का, दादा जरा हात लावता का. मराठीत, हिंदीत, कन्नडात. गौरम्मांवर कन्नड करून बघितलं, हातात रिकामी कळशी घेऊन म्हणाल्या, "स्वल्प हिडकोळ्ळी." जरा धरा, एवढाच अर्थ. पण असं म्हणाल्या की गौरम्मांनी घाबरून कळशी घेतली आणि घरी घेऊन गेल्या. शब्द मऊ झाले, आवाज काही झाला नाही.

आणि एका सकाळी गेल्या. पेटीत मी चटणीपुडी घातली, लिंबाचं लोणचं घातलं. पाया पडायला वाकल्या, हेल्मेट माझ्या पोटाला लागलं. गल्लीच्या कोपऱ्यावर एक पाय चवड्यावर टेकवून थांबल्या, आणि वळल्या. अंगण आता मोठं दिसतं. फरशीवर तेलाचा काळा डाग राहिलाय. वीणा घासायला निघाली होती, मी म्हटलं, राहू दे गं सुम्ने, उगी असाच. रोज संध्याकाळी फोन येतो. आज इथं पोचले, आज जेवण बरं होतं, एवढंच. परवा कोल्हापूरच्या पुढनं आला. म्हणाल्या, "आज पडली. उचलली." मी विचारलं, कुणी? तर म्हणाल्या, आवाज येत नाही. माझा आवाज चांगला जात होता. म्हणजे कुणीतरी हात लावला असणार, किंवा कुणीच लावला नसणार, आणि वन्सं उन्हात कितीतरी वेळ एकट्याच ओढत बसल्या असणार. ते मला इथं बसून कळायचा मार्ग नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. तुम्ही त्या रस्त्यानं जाल, आणि कडेला एक बुटकी, पांढऱ्या केसांची बाई पडलेल्या मोठ्या गाडीजवळ उभी दिसेल, तर थांबा. ती पहिल्यांदा नको म्हणेल. मग काही म्हणाली तर ते हुकमासारखं वाटेल. रागावू नका. मागच्या बाजूनं धरा, आणि हँडल वन्संकडंच असू द्या.