मला न झालेली कावीळ

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला अर्धं ठाऊक आहे, माझी दारू कशी सुटली ते. उरलेलं अर्धं—बघू, जमतं का.

मी शेलारचा. भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात फिटर. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत आमच्या गावात पिण्याची लाज कुणाला नव्हती, न पिण्याची होती. हळदीच्या मांडवात ग्लास नाकारला की लोक हसायचे, "काय रं, बायकोनी शपथ घातली का?" एकच उत्तर चालायचं—कावीळ झालीय. मग कुणी आग्रह करत नसे. उलट उसाचा रस आणून देत.

खरं म्हणजे मला दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागं एक पत्ता लिहून दिला होता. शाळेचा एक वर्ग, दारू सोडणाऱ्यांची बैठक, शुक्रवारी संध्याकाळी सहा. शुक्रवारी लूम बंद असतात. दोन शुक्रवार मी फाटकापासूनच मागं फिरलो. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या चाचांनी आतून हाक मारली, "आओ भाई, चाय ठंडी हो रही है." पहिलीच्या पोरांचे बाक—गुडघे पोटाला लागत होते. पण त्या बाकांवर बसून, बोलून, माझी दारू सुटली. तिथं एक नियम होता: इथलं इथंच राहील. तो मला फार सोयीचा वाटला. गावात मी सांगितलं, कावीळ.

आणि दामूलाही तेच सांगितलं.

दामू माझा चुलत भाऊ. मागच्या दाराला लागून त्यांचं दार. खाडीच्या चिखलात निवट्यांची मासळी मिळाली की पहिला वाटा आमच्याकडं यायचा, मग त्याच्या घरी चूल पेटायची. प्यायला तरी कुणाला शिवी नाही, नुसता रडायचा. एका सकाळी आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "दादा, तू कशी सोरलीस? मना पन सांग ना."

पत्ता माझ्या खिशात होता. आठवतंय म्हणजे काय—तो कागद घामानं मऊ झालेला होता, हेसुद्धा आठवतंय. पण दामूच्या पोटात काही राहायचं नाही. तो तिथं आला असता तर सगळ्या शेलारला कळलं असतं, की मला कावीळ-बिवीळ काही नव्हती, मला आवरत नव्हतं. मी म्हणालो, "अरे, कावीळ झाली, म्हणून सुटली."

त्यानं काय केलं असेल? मानकोलीकडच्या एका म्हातारीकडून काविळीचं औषध आणलं. त्याला वाटलं, दारू त्या औषधानं सुटते. सव्वा महिना पथ्य पाळलं—तेल नाही, हळद नाही, मासळीसुद्धा नाही. दामूनं मासळी सोडली, हो. संध्याकाळी मात्र गुत्ता सुटेना. मला म्हणायचा, "औषध मनाच न्हाय लागत दादा. तुजं आंग चांगलं हाय." मी हसायचो. हसायचो म्हणजे—काय करत होतो मी?

काकूही आली होती, त्याची आई. लहानपणी तिनं मला त्याच्याच ताटात जेवू घातलेलं. म्हणाली, "तुजंच आयकतो तो. कायतरी सांग त्याला." मी म्हणालो, सांगतो. दोन-अडीच वर्षं मी सांगतच होतो.

काकू गेली त्या दिवशी मडकं धरायला दामू उभा राहू शकला नाही. मी धरलं. लोक म्हणाले, पुतण्या असावा तर असा.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका शुक्रवारी, मी वर्गाच्या कोपऱ्यात चहा गाळत होतो आणि दारात दामू. त्याच्या शिफ्टमधल्या एकानं त्याला पाठवलं होतं. मला बघून तो आधी दचकला, मग त्याचा चेहरा इतका उजळला की सांगता येत नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "तुजी पन परत चालू झाली का रं? कवा आलास हितं?"

तेव्हा तरी बोलायचं ना?

"आजच," मी म्हणालो.

त्यानं माझा हात धरला. "भिऊ नको दादा. आपुन दोघं जन सोरू." चाचांनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि कप पुसत राहिले. इथलं इथंच.

त्या दिवसापासून दामूनं दारूला हात लावलेला नाही. त्याला वर्ष झालं तेव्हा चाचांनी आम्हा दोघांना बरोबर उभं केलं. माझं खरं तर चौथं होतं, जुन्यांना ते ठाऊक होतं. टाळ्या वाजल्या, दामूनं पेढा आधी माझ्या तोंडात घातला. आता निवट्यांचा वाटा पुन्हा येतो. मी काटे काढत काढत खातो. एकदा बायकोनं विचारलं, डोळ्यांत पाणी का? म्हटलं, तिखट झालंय.

गेल्या शुक्रवारी एक नवा माणूस आला होता, घाबरलेला. दामू त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "त्यो माजा दादा. आमी एकाच दिशी आलो. त्याला आदी ठाव असता ना हा पत्ता, तर माजी आय जित्ती होती तवाच मना घेऊन आला असता."

मला ठाऊक होता. तीन वर्षं, दर शुक्रवारी.