कडेनं वाचलेलं पुस्तक

“पुस्तक आधी कडेनं वाचावं, मग मधून.” कॉलेजच्या जिन्याखालच्या खोलीत जो कोणी फाटकं पुस्तक घेऊन येई, त्याला दोराकाका हे ऐकवल्याशिवाय सोडत नसत. एकोणीस वर्षं त्यांनी तिथे ग्रंथालयाची पुस्तकं शिवली. खोली एवढी बुटकी, की वर्गाकडे धावणाऱ्या मुलांचे पाय त्यांच्या टाळूवरच वाजत. टेबलावर खळीचा वाडगा, दाभण, दोऱ्याची रिळं. अंगठ्याला तर खळ कायमचीच. बायको म्हणे, ह्यांचा हात हातात घेतला की सोडवायला पाणी लागतं.

त्या महिन्यात प्राचार्यांचा निरोप आला, की येत्या एक तारखेपासून पुस्तकं बाहेर शिवायला जातील, टेबल रिकामं करा. काकांनी तसं लेखी मागितलं. कचेरीने सांगितलं, ठेवताना कागद दिला नव्हता, मग काढताना कशाला? आणि तुम्ही तर कधीमधी यायचात. नोकरी जाण्याचा घास काकांनी कसाबसा गिळला, पण ते ‘कधीमधी’ घशात अडकून बसलं.

एक तारखेला चार दिवस उरले असताना कायद्याच्या बाई तीन पुस्तकं घेऊन जिन्याखाली वाकल्या. बाई नव्या होत्या. व्यवसाय व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाला नोकरीचा कायदा शिकवायचा होता. ग्रंथालयात चार वर्षं फिरलेल्या ह्या तिन्हींतलं एक पुस्तक यंदापासून लावायचं होतं आणि दुपारपर्यंत अर्जावर नाव लिहून द्यायचं होतं. तिन्हींच्या प्रस्तावना वाचून बाईंचं डोकं भणभणलं होतं. जो तो लेखक आपलंच पुस्तक सोपं म्हणत होता.

काकांनी पुस्तकं मिटलेलीच उजेडाला धरली. रानात माणसं जिथून चालतात तिथे गवत उगवत नाही, तसं पानांच्या कडेला बोटांच्या मळाची वाट पडते, असं त्यांनी समजावलं. जाडजूड पुस्तकाची पहिली वीस पानं काळवंडलेली, पुढे सगळं पांढरंफटक. काका म्हणाले, मुलं इथवर आली, इथे बसली आणि इथूनच घरी गेली. गुळगुळीत चित्रांच्या पुस्तकात मळ फक्त शेवटच्या नमुना प्रश्नपत्रिकांना. तिसरं मात्र बारकं, आणि त्याच्या पोटातच दाट काळी रेघ. काकांनी ते कण्यावर उभं करून सोडलं. ते आपसूक उघडलं, नेमणुकीच्या प्रकरणावर.

बाईंचा चेहरा खुलला. न सांगता मुलं एवढं वाचतात, मग आणखी काय हवं? त्यांनी तिथेच अर्जावर बारक्या पुस्तकाचं नाव लिहिलं आणि निघाल्या.

“बाई, थांबा,” मागून आवाज आला. “तो मळ मुलांचा नाही.”

काकांनी पानावरच्या डागावर आपला अंगठा ठेवला. तो तंतोतंत बसला. निरोप आल्यावर हे पुस्तक शिवायला आलं ते पंधरवडाभर इथेच राहिलं, परवाच परत गेलं, आणि तोवर रोज जेवणानंतर आपणच ते प्रकरण वाचत होतो, असं त्यांनी मान खाली घालून कबूल केलं. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण एकोणीस वर्षं कडेनं वाचणाऱ्याने कड खोटी वाचू द्यायची कशी?

एवढं काय होतं त्यात, बाईंनी विचारलं. काकांनी प्रकरणाखालचा स्वाध्याय दाखवला. नेमणूकपत्र नसलेला कामगार आपण सलग काम केल्याचं कशावरून दाखवू शकेल?

“मग उत्तर लिहिलंत?”

“लिहिलं नाही. गोळा केलंय.”

कोपऱ्यातल्या जुन्या चादरीखालून त्यांनी ग्रंथालयाची ढकलगाडी ओढली. ती पुस्तकांनी गच्च भरलेली होती. बाईंनी एक पुस्तक उचललं, मागचा पुठ्ठा उघडला. आत पेन्सिलीने बारीक तारीख. दुसऱ्यात पुढच्या आठवड्याची, तिसऱ्यात त्याच्या पुढची. शिवण पुरी झाली की तारीख घालायची काकांची सवय होती. हजेरीपटावर नाव नव्हतं, पण कॉलेजचाच शिक्का असलेल्या पुस्तकांत एकोणीस वर्षांची हजेरी लागली होती. उरलेली कपाटांत आहेत, गाडीत मावली नाहीत, काका म्हणाले.

बाई बराच वेळ पुठ्ठे उघडत राहिल्या. हाच स्वाध्याय आता वर्गाला देणार होत्या त्या, आणि मघाशी तो वाचताना त्यांना सुचलेलं उत्तर चार ओळींचं होतं.

“अर्जावरचं नाव खोडताय ना?” त्या नावाशेजारी अंगठा टेकवत काकांनी चाचरत विचारलं.

“परीक्षा नसताना ज्याने वाचलं, त्याच्या मळावर माझा जास्त भरवसा आहे,” बाई म्हणाल्या. “चला, मी येते प्राचार्यांकडे.”

“नको. परीक्षेला बाई बरोबर येत नसतात.”

त्यांनी हात धुतले, सदऱ्याची वरची गुंडी लावली, बारकं पुस्तक गाडीवर सगळ्यात वर ठेवलं आणि गाडी ढकलत निघाले. एक चाक कुरकुरत होतं. लांब व्हरांड्यातून चालताना ते कुणासाठी बाजूला झाले नाहीत. मुलंच भिंतीला लागून वाट देत होती. जिन्याखालच्या दारात वाकून बाई बघत राहिल्या. हातातल्या अर्जावर, पुस्तकाच्या नावाशेजारी, खळीचा ठसा वाळत होता.