फाटकवाला साडू आणि त्याचे सगळे देव

१९९१ साल होतं, मी त्रेपन्न वर्षांचा होतो, आणि माझ्या साडूबद्दल तेव्हाच माझं ठाम मत झालं होतं की देवानं स्वतः खाली येऊन 'बाबा रे, मी नाही' असं सांगितलं असतं, तरी या माणसानं त्याला बाकावर बसवून, पाणी पाजून, तो आहे हे त्यालाच पटवून दिलं असतं. ते मत आजही बदललेलं नाही. माझी मतं सहसा बदलत नाहीत. शाळा मी तिसरीपर्यंतच पाहिली, पण गवंडीकामाला पन्नास वर्षं दिली, आणि एकदा ओळंबा लावून उभी केलेली भिंत मी कोणी सांगतं म्हणून हलवत नाही.

साडू रेल्वेत गेटमन होता. डहाणूच्या उत्तरेला चिकूच्या वाड्यांमधून समुद्राकडे एक रस्ता जातो, त्यावरचं फाटक त्याच्याकडे. फाटकाला लागून त्याची गुमटी, गुमटीत टेलिफोन, बाहेर एक लाकडी बाक आणि मागं राहायचं क्वार्टर. पलीकडच्या स्टेशनातून फोन यायचा, मास्तर एक नंबर सांगायचा, साडू तो वहीत लिहायचा आणि फाटक लावायचा. मग दोन्ही बाजूंना माणसं अडकायची. गवतानं लादलेल्या बैलगाड्या, चिकूचे टेंपो, डोक्यावर मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया, मिशनच्या सिस्टर, बागवाला इराणी शेठ. लोकांना गाडीची घाई असायची, साडूला माणसांची. तो हिरवी झेंडी काखेत मारून जवळच्याला विचारायचा, "काय हो, देव मानता का?" 'मानतो' म्हणणाऱ्याला विचारायचा कोणता, 'नाही' म्हणणाऱ्याला विचारायचा का, आणि दोघांचीही गाडी जाईपर्यंत सुटका नसायची. फास्ट गाडी असली तर वाद दोन वाक्यांत आटपायचा. मालगाडी असली की आत्मा, पुनर्जन्म, पाप-पुण्य सगळं व्हायचं. लागोपाठ दोन गाड्या असल्या, तर शहाणी माणसं सायकल फिरवून लांबच्या रस्त्यानं जायची. इराणी शेठ तर स्कूटरवरूनच हात जोडायचा आणि गुजरातीत म्हणायचा, "भगवानने छोड, गेट खोल."

त्याचा स्वतःचा देव कोणता, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. सोमवारी तो महादेवाला, शुक्रवारी दर्ग्याला, रविवारी मिशनच्या प्रार्थनेला शेवटच्या बाकावर. गावदेवाला तर येता-जाता. पारशांच्या अग्यारीत आपल्याला आत सोडत नाहीत, म्हणून तो कंपाउंडच्या भिंतीबाहेर चपला काढून पाच मिनिटं उभा राहायचा आणि म्हणायचा, "आतली ऊब भिंतीतून येते." ती भिंत उन्हात तापलेली असायची हे मी त्याला सांगितलं होतं. भजनी बुवानं मिशनवाल्यांना नावं ठेवली की साडू मिशनचा वकील व्हायचा, आणि मिशनच्या प्रचारकानं दगडाला शेंदूर फासण्याची थट्टा केली की तोच साडू गावदेवाच्या बाजूनं असा काही भांडायचा, की प्रचारक शेवटी दगडाची माफी मागून मोकळा व्हायचा. तलासरीकडचा एक लाल बावट्याच्या पार्टीचा कार्यकर्ता एकदा फाटकात अडकला. तो म्हणाला, "देव हा जमीनदारानं काढलेला आहे." साडूनं विचारलं, "तुमच्या पाड्यातली विहीर कोणी काढली?" "जमीनदारानंच." "पाणी पिता ना?" कार्यकर्ता पुढं वर्षभर त्या प्रश्नाला उत्तर शोधत होता आणि मिळालं की सांगायला मुद्दाम फाटक बंद असताना यायचा.

पण देवांवर इतका जीव असलेला हा माणूस देवांच्या माणसांशी मात्र जुळवून घ्यायचा नाही. पुजारी, भगत, पाद्री, मौलवी, ट्रस्टी, कमिटी, सगळ्यांशी त्याचं एकेकदा वाजलेलं. देवळातली घंटा चोरीला गेली, तेव्हा कमिटीनं ठरवलं की दुपारी देवळाला कुलूप घालायचं. साडू सभेत उठून म्हणाला, "मी फाटकाला कुलूप घालतो ते गाडी येते म्हणून. तुम्ही घालताय ते माणूस येतो म्हणून. यातला फरक मला समजावून सांगा." त्याला खाली बसवलं. तो बाहेर येऊन मला म्हणाला, "साडूभाऊ, देव सगळे चांगले. फाटकवाले वाईट." मी म्हटलं, "तू पण फाटकवालाच." "म्हणून तर मला त्यांचं कळतं," तो म्हणाला. "झेंडी हातात आली की वाटतं गाडी आपणच चालवतोय."

माझं त्याच्याशी उलट. मला फाटकवाल्यांचा राग नाही, त्यांची मी कामं केली आहेत. या भागात दोन देवळांचे गाभारे, एक चर्च आणि दर्ग्याची मागची भिंत माझ्या हातची आहे, जाऊन बघा, तडा दिसायचा नाही. म्हणून मी साडूला सांगायचो, "गाभाऱ्याचं प्लास्टर मी आत बसून केलं. चर्चचं पण केलं. आत कोणी नव्हतं." यावर तो जराही न अडखळता म्हणाला, "घराला प्लास्टर चालू असताना घरवाले बाहेरच बसतात." असा माणूस. एकदा म्हणाला, "पलीकडच्या स्टेशनचा मास्तर मी एकोणीस वर्षांत बघितलेला नाही. नुसता आवाज येतो, नंबर सांगतो, मी फाटक लावतो. विश्वास ठेवतो की नाही?" मी म्हटलं, "ठेवतोस, कारण नंतर गाडी येते. तुझा देव नुसता नंबर देतो." याचं उत्तर घेऊन तो पुढच्या रविवारी आला, "कधी कधी गाडी लेट असते."

हे वाद रविवारी व्हायचे, प्रार्थनेहून तो आला की. माझं घर तलासरीच्या बाजूला, सायकलनं तासाभरावर, पण रविवार मी चुकवला नाही. वादाचा निकाल त्याची बायको द्यायची. ती माझ्या बायकोची धाकटी बहीण, घरात सगळे तिला बारकी म्हणतात. बारकी तोंडानं निकाल द्यायची नाही. जेवायला बसलं की माशाचा मधला तुकडा ज्याच्या ताटात पडेल तो हरला. "हरलेल्याला ताकद पाहिजे," ती म्हणायची. जिंकलेल्याला शेपटी. मी बरीच वर्षं शेपट्या खाल्ल्या हे मी अभिमानानं सांगतो. कधी आमचा आवाज फार चढला, तर ती आतून म्हणायची, "भावोजी, तुम्ही दोघं मिळून देवाला निवडणुकीला उभा करा. मतं पडतील तेवढी पडतील, मला तांदूळ तरी निवडता येतील."

एक गोष्ट मात्र तिच्यासमोर निघायची नाही. माझी पहिली मुलगी तीन वर्षांची होऊन तापानं गेली, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. भगतानं सांगितलं दोन कोंबड्या, दिल्या. मग सांगितलं बकरा, तोही दिला. भगताला मी दोष देत नाही, त्याला येत होतं तेवढं त्यानं केलं. पण तिला मातीत ठेवून आलो त्या दिवशी मी वर बघून सांगितलं की आजपासून तुझं माझं बोलणं बंद. त्यानंतर मी हात जोडले नाहीत. घरात पूजा असली तर ओट्यावर बसायचो. साडूला हे कळलं तेव्हा तो बाकाची कड खरवडत हळूच म्हणाला, "साडूभाऊ, बोलणं बंद केलंत म्हणजे समोर कोणीतरी होतं ना?" मी उठून सायकल काढली आणि दोन रविवार गेलो नाही. चुकवले नाहीत म्हटलं ते हे दोन सोडून.

त्या साली थंडीत बारकीच्या पोटात गाठ निघाली. वलसाडच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, आणि गाठ कसली आहे ते पोट उघडल्यावरच कळेल असं म्हणाला. माझी बायको तिच्यासोबत दवाखान्यात राहिली. साडूला रजा मिळाली होती, पण बदली माणूस ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला यायचा होता आणि तोपर्यंत फाटक सोडता येत नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी मी गेलो, तेव्हा तो बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, गळ्यात दर्ग्याचा काळा दोरा, कपाळाला अंगारा, आणि खिशातून मिशनच्या सिस्टरनं दिलेलं चित्र डोकावत होतं.

"सगळीकडं जाऊन आलो," तो म्हणाला. "माझ्या सांगण्यानं काही होईल असं वाटत नाही."

"हे तू म्हणतोस?"

"तो नाही असं नाही म्हणत मी. माझं तिथं जुनं झालंय. कचेरीत रोज एकच माणूस अर्ज घेऊन यायला लागला, तर कारकून मान वर करतो का? चपलांच्या आवाजावरूनच म्हणतो, ठेव तिथं. तुमचं तसं नाही. तुमचा आवाज त्यानं एकतीस वर्षांत ऐकलेला नाही. तुम्ही बोललात तर हातातलं टाकून बघेल, कोण आलंय म्हणून."

मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. मी म्हटलं, "मी बोलत नाही त्याच्याशी. तुला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच सांगतो. मला तो टाळेल. तुम्हाला टाळता यायचं नाही त्याला." त्यानं माझ्याकडं न बघता पुढचं सांगितलं. "तुमच्यासमोर त्याची मान खाली आहे, साडूभाऊ."

मी नाही म्हटलं. माझा शब्द होता, आणि तो कोणाला दिला होता, तो ऐकायला कोणी होतं का, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मी दिला होता तेवढं पुरे होतं. मला वाटलं तो आता वाद घालेल. मी तयारीतच होतो. तो म्हणाला, "बरं." तेवढ्यात फोन वाजला, त्यानं नंबर लिहून घेतला आणि फाटक लावलं. तो पार्टीवाला कार्यकर्ता नेमका अडकला होता, त्यानं लांबून हाक मारली, "काय फाटकवाले, आज देव रजेवर का?" साडूनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मालगाडी होती. ती पुरी निघून गेली तरी कोणी कोणाला काही विचारलं नाही. कार्यकर्ता माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "बरं नाही का त्यांना?"

पुढं काय झालं ते सांगून टाकतो, उगाच ताणत नाही. गाठ साधी निघाली, बारकी पंधरा दिवसांत घरी आली आणि आजही आहे. ती गाठ डॉक्टरनं काढली, हात डॉक्टरचे होते, हे मी साडूला पुढची सात वर्षं सांगत होतो, आणि तो दर वेळी विचारायचा, "ते हात त्या दिवशी थरथरले का नाहीत?" अठ्ठ्याण्णव साली तो झोपेतच गेला. त्याच्या दिवसकार्याला पुजारी आला, सिस्टर आल्या, दर्ग्याचा मुजावर आला, कार्यकर्ताही आला, आणि पहिल्यांदाच ही सगळी माणसं एकत्र असून वाद झाला नाही. मला ते बरं वाटलं नाही. आता रविवारी मी घरीच असतो. मनात एखादा चांगला मुद्दा येतो आणि तसाच राहतो. पण मला लिहायचं होतं ते ऑपरेशनच्या दिवशीच्या सकाळचं.

सकाळी सातच्या आत मी फाटकावर पोचलो. साडू झेंड्या झटकत होता. मी सायकल भिंतीला लावली आणि विचारलं, "काय म्हणायचं असतं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. झेंड्या काखेत मारल्या. "मी रोज वेगळंच म्हणतो," तो म्हणाला. "आधी नाव सांगा. मग गाव. मग काम."

"आणि हात?"

"हात राहू द्या."

फोन वाजला. त्यानं नंबर लिहिला, फाटक लावलं आणि झेंडी घेऊन रुळाकडं तोंड करून उभा राहिला. दोन टेंपो, चार सायकली आणि मासळीवाल्या अडकल्या. त्यांच्यासमोर मला तोंड उघडवेना. मी गुमटीच्या मागं जाऊन उभा राहिलो. गाडी आली, गुमटीचे पत्रे वाजायला लागले, आणि त्या आवाजात मी बोलायला लागलो. नाव सांगितलं, गाव सांगितलं. काम सांगायला गेलो तर बारकीच्या आधी माझ्या मुलीचं नाव तोंडात आलं. मग मी तिचंच सांगत राहिलो, ती कशी चालायची, काय खायची, तापात काय म्हणाली, सगळं, आणि त्यानंतर बारकीचं सांगितलं.

गाडी गेली तरी मी बोलत होतो. ते मला नंतर कळलं, पत्रे थांबल्यावर, माझाच आवाज ऐकू आल्यावर. गुमटीच्या कडेनं दिसत होतं, मासळीवाल्यांनी पाट्या खाली ठेवल्या होत्या. एका टेंपोवाल्यानं हॉर्न वाजवला. साडूची पाठ माझ्याकडं होती, त्यानं मागं वळून पाहिलं नाही. फाटक उघडायच्या चाकावर एक हात ठेवून त्यानं दुसरा हात टेंपोवाल्याकडं वर केला, जरा थांब म्हणून, आणि माझं होईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.