नागपूरच्या सुराची घोडी

घोडी आंधळी नव्हती, लंगडी नव्हती आणि बहिरी तर मुळीच नव्हती. तरी जागची हलत नव्हती. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आमच्या सरकारी तंबूसमोर ती टांग्याला जुंपून उभी होती. तिचा लगाम धरून दौलतआबा पाटील ऐन थंडीत घामाघूम झाले होते.

मी तेव्हा व्हेटर्नरी असिस्टंट होतो. लोक ढोरडॉक्टर म्हणत, आणि तेच खरं होतं. बाजारात विकलेलं जनावर तपासून दाखला देणं हे माझं काम.

"काय तक्रार आहे?" मी विचारलं.

आबा हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही मन्हावर खवळी ऱ्हायनात का?"

मी मुळीच रागावलो नव्हतो. पण मी पडलो पुण्याचा. आमच्याकडे वाक्य सुरू होतं तिथेच तुटतं. खानदेशात येऊन मला दोन वर्षं झाली होती, आणि मी 'बसा' म्हटलं की समोरचा माणूस उठून उभा राहायचा. लोक अडाणी आहेत, असं माझं तेव्हाचं पक्कं मत.

आबांनी अडचण सांगितली. त्यांची मुलगी यमुना लहानपणापासून एका पायानं अधू. तरी जिद्दीनं सातवीची फायनल पास झाली, आणि चार मैलांवरच्या गावात तिला मास्तरणीची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. चालणं शक्य नव्हतं, बैलगाडी पेरणी-कापणीत अडकायची, म्हणून आबांनी हौसेनं टांगा केला आणि घोडी घेतली. आज शुक्रवार होता. यमुना टांग्यातच बसली होती, मांडीवर नवी कोरी छत्री घेऊन. ती एकटक घोडीच्या कानांकडे बघत होती.

"विकणाऱ्यानं काय सांगितलं?"

"मोठा शहरनी शे, टांगाले चालेल शे, इतलंच."

"कुठलं शहर? तो तिला काय म्हणून हाक मारायचा?"

आबांनी कानाला हात लावला. "तसं इचारो नही, साहेब. जुनं नाव इचारं का जनावर मांगे देखस."

त्यांच्या घरची ही रीतच होती. विकणारा आपलं दावं परत नेतो, आणि घेणारा जुनं नाव विचारत नाही. घरी आणून ओवाळायचं, नवं नाव ठेवायचं, झालं. आबांनी तिचं नाव गंगा ठेवलं होतं. विकणारा दलाल कालच पसार झाला होता.

मी तपासणी सुरू केली. नाडी ठीक, खूर ठीक. कधी कधी घोड्याच्या मेंदूला सूज येते. मग ते खांबासारखं उभं राहतं. आमच्यात त्याला 'डमी' म्हणत. ओळखायची युक्ती सोपी असते. घोड्याचे पुढचे पाय एकमेकांवर कैची करून ठेवायचे. आजारी घोडं तसंच उभं राहतं. गंगानं झटक्यात पाय सोडवले आणि माझ्याकडे तुच्छतेनं पाहिलं.

तेवढ्यात इन्स्पेक्टरसाहेब आले. ते गिरगावातले.

"काय रे लेले, अजून हेच? चल चल चल, पुढे हो गं बाई, पुढे!" ते ट्रामच्या कंडक्टरसारखे एका दमात बोलले. घोडीनं शेपूट हलवली, बस्स. "जाऊ दे. कशाला मगजमारी? अनफिट लिही आणि मोकळा हो."

अनफिट म्हणजे गाडीला अपात्र. एकदा तो शब्द लिहिला की टांगा बंद, आणि सोमवार बुडाला. यमुनानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मी दौत उघडली आणि पुन्हा बंद केली.

"साहेब, पाच मिनिटं द्या," मी म्हणालो. खरं म्हणजे पाच मिनिटांत काय करणार, हे मलाही माहीत नव्हतं.

आमचा कंपाउंडर देवराव बादली घेऊन आला. तो नागपूरचा, नंदुरबारला दिलेल्या बहिणीपायी इकडे आलेला. घोडी त्याच्या वाटेत होती.

"सरक ना व माय थोडीशी," तो म्हणाला. "काऊन अडली तू?"

घोडीचे दोन्ही कान त्याच्याकडे वळले. तिनं एक पाऊल टाकलं. टांगा करकरला आणि यमुनानं दांडी घट्ट धरली.

मला वाटलं, हे शब्दांचं काम असेल. मी पुढे होऊन तेच शब्द म्हटले. घोडी ढिम्म. देवराव तोंडावर हात धरून हसला. मग मी त्याला माझे शब्द दिले. "फक्त 'चल पुढे' म्हण. पण तुझ्या पद्धतीनं."

"च-अ-ल पुढेऽऽ," देवराव शेवट लांबवत, आर्जवानं म्हणाला.

गंगा निघाली, ती थेट नदीच्या उतारापर्यंत. आबा मागे धावले, फेटा सुटला, त्याचं त्यांना भान नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी इन्स्पेक्टरसाहेबांचा हात धरला, आणि तो सोडायला विसरलो.

दाखल्यावर मी लिहिलं, 'प्रकृती उत्तम. दोष नाही. नागपुरी बोलणं समजतं.' साहेबांनी शेवटचं वाक्य खोडायला लावलं, पण सही केली.

शनिवार-रविवार देवरावानं यमुनाला तो सूर शिकवला. बाजारात अहिराणी, गुजराती, भिली ऐकत वाढलेली पोर ती, तासाभरात तयार झाली. सोमवारी तिनं स्वतः टांगा हाकला. आबा गावाबाहेरच्या निंबापर्यंत पोचवायला गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

मी मात्र त्या दिवसापासून विचारात पडलो. घोडीवर दोष लिहायला निघालेला मी, दोन वर्षं या लोकांशी कोणत्या सुरात बोलत होतो? एके सकाळी मी देवरावाच्या बहिणीकडे अहिराणीची शिकवणी लावली; सासरी राहून ती अस्सल अहिराणी बोलू लागली होती. ती हसायची, पण शिकवायची.

पुढच्या महिन्यात यमुना नाल ठोकायला गंगाला घेऊन दवाखान्यात आली. "चाल वं गंगा," असं ती आता नागपुरी नव्हे, शुद्ध अहिराणी सुरात म्हणाली, आणि घोडी मुकाट आत आली.

"या यमुनाबाई, बठा," मी जपून म्हणालो. "शाळा कशी चाली ऱ्हायनी?"

ती बसली. बसली, हे महत्त्वाचं. मग पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "मन्ही घोडीले पंधरा दिन लागनात, साहेब. तुमले दोन वरीस लागनात."