मरीमायचा गाडा आणि ठळक अक्षरं

आज सकाळी मेथीची जुडी सोडली, तर ओल्या कागदावर बोटभर उंचीच्या काळ्याभोर अक्षरांचा मथळा होता. तापाचा विळखा, आणि पुढे अमरावतीतल्या एका वस्तीचं नाव. आमच्या दारी भाजी आणणारी बाई त्याच वस्तीतली. तिनंच त्या कागदात मेथी गुंडाळून दिली होती. वाचला होता की नाही, कोण जाणे. मेथीचा कडवट हिरवा वास आणि शाईचा रॉकेलसारखा वास एकदम नाकात शिरले, आणि ही म्हातारी उभ्या उभ्या जाऊन पडली अकोल्यात, नदीकाठच्या माळ्यांच्या वाडीत, वऱ्हाड मध्यप्रांतात होतं त्या काळात.

त्या वाडीत वाचता येणारी मुलगी मी एकटीच. दोन घट्ट वेण्या, फाटका परकर, आणि आवाज मात्र नाटक कंपनीतल्या राजाचा. बाजारातून भाजीच्या टोपल्यांबरोबर शिळी वर्तमानपत्रं यायची आणि संध्याकाळी विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाच्या काठावर, उभी राहून मी ती गर्जायची. त्या उन्हाळ्यात हैजा, म्हणजे कॉलरा, आला होता. मला हैज्याचं काय! मला थैमान आवडायचं. हाहाकार आवडायचा. ‘काळाचा घाला’ म्हणताना मी हवेत असा हात मारायची की थारोळ्यावरून पडता पडता वाचायची. बाया ‘अवं माय!’ म्हणून पदर तोंडाला लावायच्या आणि मी कोंबडीसारखी फुगायची. माणसं मरत होती आणि ही शहाणी टाळ्यांची वाट बघत होती.

पण आज राग येतो तो त्या पोरीचा नाही. तिला अक्कल नव्हती. ज्यांना होती, त्यांनी ते शब्द छापले होते. रोगाला त्यांनी सेनापती करून टाकलं होतं. तो चाल करून यायचा, ठाण मांडायचा, बळी घ्यायचा. वकिलांच्या आळीत कुणी गेलं तर ‘दुःखद निधन’, आणि आमच्यासारख्यांच्या वस्तीत माणसं ‘दगावली’, गोठ्यातली गुरं दगावावी तशी. अमरावतीचं पत्र म्हणायचं, साथ अकोल्याहून आली. अकोल्याचं म्हणायचं, अमरावतीहून. आजूबाजूच्या खेड्यांत तेव्हा मरीमायचा, साथीच्या देवीचा, गाडा निघायचा. छोट्याशा लाकडी गाड्यात हळदकुंकू, लिंबं, बांगड्या ठेवायच्या आणि गावकऱ्यांनी वाजतगाजत तो आपल्या शिवेपार नेऊन सोडायचा, म्हणजे रोग पुढच्या गावाचा. पुढचं गाव उठून तो त्याच्या पुढच्या शिवेवर. पत्रं यावर पोटभर हसायची, ‘अडाणीपणाचा कळस’ म्हणून. आणि त्याच पानावर, लिंबाबांगड्यांशिवाय, स्वतःचा गाडा दुसऱ्याच्या दारात ढकलायची. खेड्यातला गाडा निदान रिकाम्या माळावर सोडत. यांनी तो आणून सोडला आमच्या वाडीत.

‘भाजीवाल्यांच्या वस्तीतून महामारीचा फैलाव!’ हात हवेत, आवाज तारसप्तकात, आणि फैलावापर्यंत पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की भाजीवाले म्हणजे आपण. आमच्या वाडीत तोवर एक माणूस आजारी नव्हतं.

“काहून थांबली वं? वाच,” आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे वडिलांची विधवा बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. वडील मळा पिकवायचे, ती टोपलं घेऊन बाजारात बसायची, आणि त्या टोपल्यावर आमची चूल पेटायची. दुसऱ्या दिवशी तिला बाजाराच्या आत बसू दिलं नाही. कडेला, उन्हात बसली. रोजची गिऱ्हाइकं तिला पाहून रस्ता ओलांडू लागली. वांगी सुरकुतली, पालक सडला. घरात आम्हीच तीच भाजी खाऊ लागलो, मग भाकरी अर्धी झाली. असं आणखी चाललं असतं तर मळा सोडावा लागला असता. वडील तसं बोलूनही गेले होते.

तेव्हा आत्या भरलं टोपलं डोक्यावर घेऊन त्या पत्राच्या छापखान्यात गेली. मी तिच्या पदराआड.

“बाई, आम्ही जनतेच्या हितासाठी लिहितो,” संपादक चष्म्यावरून म्हणाले.

“आन् मी कोन हाये भाऊ, कोथिंबीर?”

छपाईचे खिळे जुळवणारे हसले. संपादक हसले नाहीत. “छापलेली बातमी मागे घेता येत नाही.”

“मांगं नोको घेऊ. माह्या वाडीत ये, कोन आजारी हाये ते पाय. आन् जितक्या जोरानं वरडला ना, तितक्याच जोरानं खरं सांग. माहं इतलंच म्हननं हाये.”

आलं खरं. पुढच्या अंकात, आतल्या पानावर, केस वाढवणाऱ्या तेलाच्या जाहिरातीखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: सदर वृत्तात तथ्य नसल्याचे समजते. समजते! आमची चूल विझवताना कुणाला काही ‘समजत’ नव्हतं. तेव्हा सगळं ठाम होतं, ठळक होतं, वर उद्गारचिन्ह होतं. सत्य मात्र दबक्या पावलांनी मागच्या दारानं आलं. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

मी ते पुटपुटत वाचलं. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की बस. “तुहा आवाज कुठं गेला वं? त्या दिवशी तं लय वरडून राह्यली होती!”

आणि तिनं मला भर बाजारात नेऊन पालथ्या टोपल्यावर उभं केलं. मी वाचलं. थैमानाच्या आवाजात, हाहाकाराच्या हातवाऱ्यांनी, ते मुंगीएवढं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, आणि शेवटी शेवटी ‘समजते’ गाळूनच टाकलं. घसा बसला. एक म्हातारी पुढे आली, म्हणाली, “बस कर बाप्पा, दे आंबाडीची जुडी.” त्या दिवशी तेवढीच विकली गेली. मग हळूहळू आणखी. मळा राहिला. काही गिऱ्हाइकं मात्र पुन्हा कधी आलीच नाहीत. मोठी अक्षरं वाचून गेलेली माणसं लहान अक्षरं वाचायला परत येत नाहीत.

आत्या गेली, वाडीवर आता इमारती आहेत, मोटेची विहीरही बुजली. रोग येतात, नावं बदलून येतात. विळखा तोच, थैमान तेच, आणि गाडा अजून कुणाच्या ना कुणाच्या शिवेवर ढकलला जातोच आहे. माझ्याजवळ त्या काळातलं उरला आहे तो फक्त माझा हा भसाडा गळा. आज दुपारी गल्लीतल्या दोघींनी त्या भाजीवाल्या बाईला हातानंच ‘पुढे जा’ केलं, ते मी खिडकीतून पाहिलं. दारात गेले, दम घेतला, आणि शेवटच्या घरापर्यंत जाईल असं ओरडले, “अवो बाई, तुह्याच वस्तीतली मेथी हाये ना? मंग आन दोन जुड्या!”