म्युरिएलला नावानं हाक

इंग्लंडातल्या ड्यूजबरी गावच्या बाजारात स्टॅन्ली आर्मिटेजचा माशांचा ठेला होता, आणि त्या ठेल्यावर आलेलं प्रत्येक माणूस त्याचं 'लव्ह' होतं. काठी टेकत येणारी म्हातारी असो, पोर कडेवर घेतलेली गिरणीतली बाई असो, नाहीतर भावावरून घासाघीस करणारा पाद्री असो. "कॉड आत्ताच उतरवलाय, लव्ह." "सुट्टे नाहीत का, लव्ह?" ठेल्याखाली घुटमळणाऱ्या बोक्याला हाकलतानासुद्धा, "चल नीघ, लव्ह!" त्या गावात तो शब्द मिठासारखा. घातला म्हणून कुणी दाद देत नाही. नसला तरच घास तोंडात फिरतो.

त्याची बायको हिल्डा शेजारी उभी राहून मासे कागदात बांधायची. तिलाही तो लव्हच म्हणायचा. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. जिथं बसचा कंडक्टर तिला लव्ह म्हणून तिकीट देतो आणि पोलीस लव्ह म्हणून दम भरतो, तिथं ह्या शब्दावरून जळायचं ठरवलं तर बाईची राखच व्हायची.

पण एका शनिवारी म्युरिएल लंब आली. निळी टोपी, हातात वेताची टोपली. तिचा नवरा बर्ट पलीकडच्या रांगेत कपबशा विकायचा. हिवाळ्यात तो वारला होता. स्टॅननं सुरी खाली ठेवली, हात फडक्याला पुसले आणि हळूच म्हणाला, "या, म्युरिएल. आज काय देऊ?"

हिल्डाच्या हातातला कागद तसाच राहिला.

म्युरिएलच्या आधीचं गिऱ्हाईक लव्ह. नंतरचा खाटीकही लव्ह. मधली तेवढी म्युरिएल! बुधवारी पुन्हा तेच. पुढच्या शनिवारीही तेच. आणि प्रत्येक वेळी हात पुसणं! स्वतःच्या लग्नात ह्या माणसानं हात पुसले होते की नाही, हे हिल्डाला आठवेना.

समोरच्या बटणांच्या ठेल्यावरची डॉरिस एवढ्यासाठीच जन्मली होती. "हिल्डा, लव्ह," ती वाकून म्हणाली, "तुझ्या नवऱ्याची तब्येत बरी आहे ना? माणसांना नावानं हाका मारायला लागलाय."

"तुझ्या बटणांकडे बघ, डॉरिस. एखादं गिळशील."

"मी आपली काळजीनं म्हणते हो. नाव काय कुणीही घेतं. पण कसं घेतं ते बघायचं असतं!"

हिल्डानं बघितलं होतं. म्हणून तर तिनं म्युरिएलच्या वाट्याला हॅडॉकचा शेपटीकडचा तुकडा घातला. काटे जास्त, मांस कमी. म्युरिएलनं तो मुकाट्यानं टोपलीत ठेवला आणि "थँक यू, लव्ह" म्हणून गेली. हिल्डाला वाटलं, हिनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर निदान बरोबरीचा सामना झाला असता.

संध्याकाळी घरी तिनं अंडी आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडींची बशी स्टॅनपुढे अशी आदळली, की दोन फोडी टेबलावरून पळाल्या.

"स्टॅन, मी कोण तुझी?"

"बायको. का? कुणी वेगळं सांगितलं?"

"मग मला काय म्हणतोस?"

"लव्ह."

"आणि बोक्याला?"

स्टॅननं काटा खाली ठेवला. मग त्याला उमजलं, आणि तो मानेपर्यंत लाल झाला.

"बर्टला पुरल्यानंतरची गोष्ट," तो म्हणाला. "तू बॅटलीला बहिणीकडे होतीस. ती आली, मी सवयीनं ओरडलो, 'काय देऊ, लव्ह?' तिच्या हातातली टोपलीच पडली. बर्ट अस्साच ओरडायचा ना! आम्ही दोघं पोरवयात एकाच म्हाताऱ्याच्या हाताखाली ओरडायला शिकलो. तोच शब्द, तसाच लांबवलेला. ती तिथंच भिंतीकडे तोंड करून रडली गं. तेव्हापासून तिच्यासमोर तो शब्द माझ्या घशातच बसतो. मग काय म्हणू? नाव घेतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? भर बाजारात एका विधवेला रडवलं म्हणून?"

निखाऱ्यावर पाणी पडलं. पण वाफ जायला वेळ लागतो. बशा धुताना हिल्डा पाठमोरी म्हणाली, "मलाही नाव आहे."

"आहे की. हिल्डा."

"मग वापर कधीतरी."

बुधवारी ठेला लागला. स्टॅननं घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हिल्डा, कागद दे!"

हिल्डा दचकली. त्या घरात हे नाव फक्त संकटात निघायचं. तेलाची कढई पेटली तेव्हा निघालं होतं. स्टॅनच्या पाळलेल्या कबुतरांच्या खुराड्याचं दार उघडं राहिलं तेव्हा निघालं होतं. "काय केलं मी?" ती पुटपुटली. आजूबाजूच्या माना वळल्या. अंडीवाला टोपली टाकून आला. "स्टॅन, जाऊ दे ना, लव्ह. माफी मागून टाक. शेवटी बायको आहे." डॉरिसनं तर रुमालच काढला. दुपारपर्यंत साऱ्या बाजाराला कळलं होतं, की हिल्डा कायमची बॅटलीला निघाली.

त्यात निळी टोपी दिसली. स्टॅननं हात पुसायला फडकं उचललं. हिल्डानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःचे हात पुसले.

"या, म्युरिएल," ती म्हणाली. "आज काय देऊ?"

म्युरिएलनं टोपली पुढे केली. "हॅडॉक," ती म्हणाली. "नेहमीचाच तुकडा."

"नेहमीचा नाही. शेपटी आज बोक्याला." हिल्डानं मधला जाड तुकडा उचलला, दोन कागदांत नीट बांधला आणि तिच्या हातात दिला. म्युरिएलनं तिची बोटं जराशी दाबली आणि गेली.

"ह्यापुढे हिचं नाव मी घेणार," हिल्डा नवऱ्याला म्हणाली. "तू मासा काप."

"आणि तुला काय म्हणू?"

"रोजचंच म्हण. पण बोक्याला दुसरं काहीतरी शोध."

तेवढ्यात बोका शेपटीच्या वासानं ठेल्याखाली आलाच. "चल नीघ..." स्टॅन ओरडला आणि अडकला. कागद हातात धरून हिल्डा बघत उभी राहिली.

"चल नीघ," तो शेवटी म्हणाला, "साहेब."

"हं," म्हणत हिल्डानं कागद पुढे केला.