निळ्या जीपचे मंद दिवे

आमच्या घरात सहा महिने एकच वाद चालू होता. जीपचे दिवे मंद झालेत, हे बाबांचं म्हणणं. दिवे ठणठणीत आहेत, तुमचे डोळे मंद झालेत, हे माझं म्हणणं. आई दोघांच्या मध्ये बसून तूर निवडायची आणि कोणाचीच बाजू घ्यायची नाही, कारण तिला त्या घरात पुढेही राहायचं होतं.

मी आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याजवळच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवते. शिकवते तेलुगूत, दुकानदाराशी बोलते हिंदीत, आणि भांडायचं असलं की मराठी. बॅटरी, बल्ब आणि दोन वायरी घेऊन वीज कशी फिरते, हे आठवीच्या पोरांना दरवर्षी दाखवते. त्यामुळे विजेतलं मला सगळं कळतं, अशी माझी समजूत. बाबा छत्तीस वर्षं गुरुजी होते, त्यामुळे जगातलं सगळंच कळतं, अशी त्यांची. वाद मिटायचा तरी कसा?

जीप बाबांनी माझ्या लहानपणी एका सरकारी हर्रासात बोली लावून घेतली. तिचा मूळचा रंग कोणता होता, हे आता कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गावात सगळ्यात पुढे तीच असते. फोटो तिच्यावर, हार तिच्यावर, भोंगेही तिच्यावरच. म्हणून दरवर्षी जयंतीच्या आठवडाभर आधी बाबा जुना रंग खरवडून तिला स्वतःच्या हाताने निळा रंग देतात. रंगाऱ्याला जवळ फिरकू देत नाहीत. रंगारी कामचोर, कडा सोडतो, असं त्यांचं पक्कं मत आहे. बाबा कडा सोडत नाहीत. समोरची जाळी काढतात, दिवे काढतात, एकेक नट काढून डब्यात ठेवतात, आणि जिथे उंदीरही वाकून बघणार नाही अशा सांदीत ब्रश घालतात. कोणी हसलं तर म्हणतात, "झाकून रायते म्हनून मळकं ठेवाचं का?" जन्मभर पोरांच्या कानामागचा मळ तपासलेला माणूस. त्याच्याशी कोण बोलणार?

यंदाची जयंती थाटात झाली. मे महिन्यात बाबा पहिल्यांदा म्हणाले, "दिवे मंद झाले वाटते." मी लगेच शास्त्रीय तपासणी केली. भर दुपारी, उन्हात, जीपसमोर उभी राहून दिवे लावायला सांगितले. दोन्ही लागले. मी निकाल दिला, दिवे चांगले आहेत. विज्ञानाच्या बाईंनी सूर्याच्या साक्षीने हेडलाइट तपासला, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, मला तर नाहीच.

पावसाळ्यात त्यांना आदिलाबादला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ आत पाहिलं आणि सांगितलं की शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झालीय, गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते जपा, आणि दिवस मावळल्यावर गाडी चालवू नका. परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डॉक्टर लेकरू हाय अजून. त्याले जीपचे दिवे कुठं मालूम?"

इथे सगळी गोम होती. दिवे खराब निघाले, तर डोळे चांगले ठरणार होते. डोळे चांगले ठरले, तर स्टेअरिंग त्यांच्या हाती राहणार होतं. दर पौर्णिमेला आमच्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना जीपमध्ये कोंबून ते शेजारच्या गावच्या विहारात नेत आणि दिवस मावळून झाकट पडताना परत आणत. निवृत्तीनंतर त्यांना हीच एक नोकरी उरली होती. पगार नव्हता, त्यामुळे मान फार होता. त्या दिवशी ते दुपारपासूनच इस्त्रीचा सदरा घालून बसत.

कापसाच्या दिवसांतल्या अशाच एका पौर्णिमेला मीही बरोबर होते. परत येताना समोर कापसाची बैलगाडी चालली होती, वर शुभ्र ढीग, आंधळ्यालाही दिसेल असा. बाबांना दिसला नाही. मी किंचाळले, त्यांनी ब्रेक दाबला, आणि जीप कापसापासून वीतभर अंतरावर थांबली. मागच्या म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. गाडीवाला खाली उतरून अदबीने म्हणाला, "गुरुजी, काऊन अंगावर येऊन राह्यले?"

"तुयी गाडी दिसन तं ना!" बाबा उखडले. "दिवेच मरून राह्यले माये."

"दिवे नाही, बाबा," मी म्हणाले, "डोळे. डॉक्टरनं सांगितलं ना तुमाले."

हे घरात, दार लावून बोलायचं वाक्य होतं. पण माझ्या आवाजाला शेवटच्या बाकापर्यंत जायची सवय. मागच्या सगळ्यांनी ऐकलं. घर येईपर्यंत बाबांनी जीप इतकी हळू चालवली की ती बैलगाडीच आमच्या पुढे निघून गेली. मला स्वतःची लाज वाटली. तरी माघार घेतली नाही.

सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "दिवे तपासून आन. चांगले निंगाले तं म्या गाडी सोडतो. खराब निंगाले तं तू मंधात बोलाचं नाही."

मला आयतंच हवं होतं. रविवारी मीच जीप चालवत आदिलाबाद गाठलं. तिथल्या मिस्त्रीने बॉनेट न उघडताच रोग ओळखला. "मॅडम, बॅटरी खलास." बॅटरी बदलली. दिव्यांत फरक नाही. "फिर बल्ब." बल्ब बदलले. दिव्यांत फरक नाही. मग त्याने हात पुसत मला तत्त्वज्ञान सांगितलं, "गाडी पुरानी है मॅडम, इतनाच देती." हेच प्रमाणपत्र घेऊन मी घरी आले. वयाच्या मानाने दिवे उत्तम आहेत, म्हटलं.

"म्हातारी झाली म्हनून अंधारात ठेवाची का तिले?" बाबा म्हणाले. ते जीपबद्दलच बोलत होते, असं मी धरून चालले.

एव्हाना शेजारचे काका तपासात उतरले होते. ते तहसीलमधून निवृत्त झालेले कारकून. रोज संध्याकाळी स्वतःची खुर्ची घेऊन येत आणि जीपसमोर मांडून बसत. "पयले मौका-मुआयना, मंग तहकीकात, मंग फैसला," म्हणजे जागेची पाहणी, चौकशी आणि निकाल, असा त्यांचा क्रम होता, आणि चहा तिन्ही टप्प्यांवर लागे. आठवडाभर मुआयना केल्यावर त्यांनी फैसला दिला, की आपल्याकडचे बल्बच खोटे, बल्ब नदीपलीकडचा पाहिजे. आमच्या सरहद्दीवर हे मत खूप जुनं आहे. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र, आणि पलीकडचं सगळं चांगलं, मग तो डॉक्टर असो, बियाणं असो की जावई. पलीकडचे लोक हेच आपल्याबद्दल म्हणतात, ते आम्ही ऐकत नाही. बाबांनी बसने जाऊन बल्ब आणले, स्वतः लावले. दोन्ही राज्यांचा उजेड सारखाच निघाला.

मग आई बोलली. तिन्हीसांजेची वेळ होती. बाबा जीपमध्ये बसून एकेक बटण दाबून बघत होते, काका खुर्चीवर, मी कमरेवर हात ठेवून उभी. आई ओट्यावर तुरीचं सूप घेऊन बसली होती.

"इंडिकेटर लावला का मोठा दिवा बी उघडझाप करते," ती म्हणाली. "शेजारनीनं नळ सोडला का आपली धार बारीक होते ना, तसं. दोघायचा नळ एकच दिसते."

मी पाहिलं. खरंच, इंडिकेटर पेटला की हेडलाइट मान टाकायचा, विझला की पुन्हा वर यायचा. महिनाभर मी समोर उभी होते आणि हे दिसलं नव्हतं. डोळे माझे चांगले होते म्हणे.

वीज दिव्यापर्यंत जाते तशी तिला बॅटरीकडे परतही यावं लागतं, हे मी दरवर्षी फळ्यावर काढते. जीपमध्ये परतीची वेगळी वायर नसते. दिव्याची आणि इंडिकेटरची एकेक वायर समोरच्या पत्र्याला एकाच नटाने आवळलेली असते, आणि गाडीचा पत्राच विजेला घरी पोचवतो. मिस्त्री याला अर्थिंग म्हणतात. वाट तिथे अडली असेल, तर बॅटरी बदला नाही तर नदी ओलांडा, काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगपेटीतली चिमट्यांची वायर आणली. एक चिमटा दिव्याच्या परतीच्या वायरीला, दुसरा थेट बॅटरीच्या मायनसला. "लावा," म्हटलं.

दिवा असा पेटला की काका खुर्चीवरून उठले. तपासातली त्यांची ही पहिलीच हालचाल.

म्हणजे सहा महिने दिवे खराब होते. म्हणजे बाबा खरे होते. ते जीपमधून उतरले तेव्हा त्यांचं तोंड लहान पोरासारखं फुललं होतं. गल्लीतल्या सगळ्यांना हाका मारून त्यांनी दाखवलं, "पाहा! म्या म्हनत होतो का नाही?" आणि प्रत्येकाला माझ्याकडे बोट करून सांगितलं, की या सायन्सच्या बाई. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर इतक्या आनंदाने मी कधीच हरले नव्हते. दिवे खराब होते तर डोळे तितके वाईट नसतील, डॉक्टर खरंच लेकरू असेल, असं मलाही वाटू लागलं.

मग पाना घेऊन तो नट खोलला. वायरीच्या कडीखालचा पत्रा उघडा, चकचकीत लोखंडाचा असायला हवा होता. तो निळा होता. सुरेख, गुळगुळीत, एकाही कडेला न सुटलेला निळा. रंगातून वीज जात नाही. दुसरा कोणी कामचोर असता तर वायरीवरूनच ब्रश फिरवून मोकळा झाला असता, आणि जीपचे दिवे जन्मभर चांगले राहिले असते. बाबांनी वायर काढून, खाली रंग देऊन, वाळवून, मग ती नेमकी त्याच जागी आवळली होती.

मी पॉलिश पेपरने घासायला बसले. एक थर गेला, खाली दुसरा. दुसरा गेला, खाली तिसरा. दरवर्षीचा एक पातळ हात नट आवळला की फाटतो आणि लोखंडाला लोखंड लागतं. हा फाटणारा नव्हता.

"बाबा, दर साली एकच हात देता ना?" मी घासता घासता विचारलं. "यंदा तीन काऊन देल्ले?"

ते अजून हसतच होते. "पयला हात बसल्यावानी दिसेच ना माय. मंग दुसरा देल्ला. थो बी फिक्काच दिसे."

माझा हात थांबला. त्यांचं हसू अजून तोंडावर होतं, पण आपण काय बोललो ते त्यांनाही ऐकू आलं असावं, कारण त्यानंतर ते डब्यातले नट उगाच मोजू लागले. मी पत्रा पांढरा होईपर्यंत घासला. नट आवळला. दुसऱ्या बाजूचाही तसाच केला. थोडा निळा तिथे ठेवून द्यावा, असं एकदा मनात येऊन गेलं.

काम संपेस्तोवर सांज झाली होती. बाबा स्टेअरिंगवर बसले, मी शेजारच्या सीटच्या खिडकीपाशी उभी राहिले. त्यांनी दिवे लावले. समोरची, काकांच्या घराची चुन्याची भिंत लख्ख उजळली, इतकी की तिच्यावरची पाल दिसली. इंडिकेटर लावला. दिवा हलला नाही.

बाबा पुढे वाकून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. डोळे बारीक केले, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"भित्तीपाशी कोन उभं हाय थे?" त्यांनी हळूच विचारलं.

दहा पावलांवर, भर उजेडात, आई उभी होती. दिवे कसे लागले ते बघायला आली होती, आणि आमच्याकडे बघून हसत होती.

"आई हाय, बाबा," मी म्हणाले. या वेळी माझा आवाज खिडकीच्या पलीकडे गेला नाही.

"हाव," ते म्हणाले. "मस्त झाले दिवे."

मग ते उतरले, बॉनेटवर हात ठेवत ठेवत पुढून वळसा घालून आले आणि मला बाजूला सारून शेजारच्या सीटवर बसले. पौर्णिमा चार दिवसांवर होती. "सगळ्याहिले चार वाजता तयार राहा म्हना लागते," ते समोर बघत म्हणाले. "तू शाळेतून येशीन ना तवरोक?"